पूजेत मांडलेला पाना

आमच्या विमानाच्या पंख्याला तीन पाती आहेत आणि त्या तिन्ही पात्यांचा कोन मी लावते. हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्ही पायलट का?" नाही हो. पायलट माझा थोरला भाऊ. मी खाली असते, पाना घेऊन. मग त्या माणसाचा चेहरा जरा उतरतो, आणि तो दादाबद्दल विचारायला लागतो.

पैठण रस्त्याला आमची जमीन आहे. तिच्यातल्या मुरमाड पट्ट्यात काही पिकत नव्हतं, तिथं दादानं धावपट्टी केली आणि एका टोकाला पत्र्याचं शेड घातलं. त्याआधी बरीच वर्षं तो बाहेरच्या राज्यात पोरांना विमान चालवायला शिकवायचा. परत आला तो हे खूळ घेऊनच. विमान छोटं, दोन जणांचं, एकामागं एक बसायचं. चाकं मात्र विमानाच्या मानानं दांडगी. खडकात, वाळूत, कुठंही उतरायला केलेलं. नातेवाइकांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागं वेड्यात काढलं. आई तर सरळच म्हणाली, "बैलजोडी घेतली असती तर निदान शेण तरी मिळालं असतं."

ह्या पंख्याची गंमत अशी की त्याच्या पात्यांचा कोन वर गेल्यावर बदलता येत नाही. मोठ्या विमानांना ती सोय असते, आमच्याला नाही. जमिनीवर उभं असतानाच बोल्ट ढिले करायचे, पातं हातानं फिरवायचं, कोन मोजायचा आणि बोल्ट आवळायचे. मग वर काय होईल ते होईल. कोन कमी ठेवला की पातं हवा थोडी कापतं, इंजिन मोकळं पळतं आणि विमान पटकन उचलतं. पहिल्या गिअरमधल्या स्कूटरसारखं. कोन वाढवला की वर गेल्यावर पळतं झकास, पण उचलायला धावपट्टी फार खातं. आणि आमची धावपट्टी संपते तिथं कडुलिंब आहे. दादा तो तोडत नाही, कारण आई तोडू देत नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. पातं आडवं आणायचं, टोकापासून ठरलेल्या अंतरावर खूण करायची, तिथं कोनमापक टेकवायचं. मापकावर आकडा बरोबर आला म्हणून खूश होऊन बोल्ट आवळायला जावं, तर आवळता आवळता पातं जरासं सरकतं. पुन्हा ढिलं करा. ते जमलं की दुसरं, मग तिसरं. तिन्हींचा कोन अगदी एक पाहिजे. एक पातं जरी वेगळं राहिलं तरी अख्खं विमान थरथरतं, बसणाऱ्याच्या दाढा वाजतात. शेवटी टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोराला 'कट' असा आवाज देणाऱ्या पान्यानं, सगळे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे. आणि सगळं मनासारखं झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या हबपर्यंत, म्हणजे पाती जिथं बसवलेली असतात त्या मधल्या तुंब्यापर्यंत, एक बारीक लाल रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी ती रेघ तुटलेली दिसते. रेघ सलग असेल तर माझा हात लागल्यानंतर तिथं काही हललेलं नाही. उडायच्या आधी मी पहिल्यांदा त्या रेघा बघते.

हे सगळं मला येतं त्यात काही चमत्कार नाही. वाळूजच्या कंपनीत मी पंचवीस वर्षं मोजमाप विभागात आहे. सुटे भाग मोजायचे, पास करायचे नाहीतर परत पाठवायचे. परत पाठवले की सुपरवायझर तोंड वाकडं करतो, तेही सवयीचं झालंय. सासर सोडून माहेरी आले तेव्हा लोकांनी मला पुष्कळ सल्ले दिले. दादानं दिला नाही. तो म्हणाला, "रविवारी शेतावर येत जा, माझ्या पंख्याचं तेवढं बघ. त्या बदल्यात तुला उडवायला शिकवतो." मी त्या एका वाक्यावर किती दिवस काढले हे त्याला कधी कळलं नाही, आणि मी कधी सांगितलंही नाही.

शिकवलं त्यानं, नाही कसं म्हणू? मी पुढच्या सीटवर, तो मागं. जायकवाडीच्या पाण्यावरून वळायचं, परत यायचं, उतरायचं, पुन्हा उचलायचं. सुरुवातीला मी उतरवताना विमान असं आपटायचे की दादा मागून ओरडायचा, "अगं, विमान हाये, पोतं नाय!" हळूहळू तो ओरडायचा थांबला. मग बोलायचाही थांबला. एका रविवारी त्यानं उतरल्यावर नुसतं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "आता माझं मागं बसून काय काम?"

म्हणजे एकटीनं उडायचं. दादाला मागं न घेता. वैद्यकीय तपासणी झालेली होती, कागद झालेले होते. मला झोप लागेना. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण शाळेची सहल निघाल्यासारखी माझी गत. दादानंच दिवस ठरवला, दसरा. "सीमोल्लंघन," तो म्हणाला, "गावकुसाबाहेर सगळेच जातात. तू वरून जा." आईनं टोमणा मारलाच, "उडून कुठं जायचंय तुला? सासरी तर नाय ना जायचंय?" पण त्या दिवशी आई हसत होती, खोटं कशाला बोलू. नातेवाइकांनाही तिनंच बोलावलं.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी पात्यांचा कोन नव्यानं लावला. दादा त्याच्यासाठी ठेवतो त्याच्यापेक्षा अर्धा अंश कमी. पहिल्यांदा एकटीनं जायचं तर विमानानं लवकर उचलावं, कडुलिंबाची धास्ती नको, एवढाच हिशोब. तोवर मी तो कोन दादासाठी लावला होता, त्याच्या पाहुण्यांसाठी लावला होता, बागांचे फोटो काढायला येणाऱ्या लोकांसाठी लावला होता. स्वतःसाठी पहिल्यांदाच लावला. लाल रेघा ओढायला गेले तर त्यासाठीच्या लाल लाखेची नळी संपली होती, म्हणून गुलमंडीतून घेतलेल्या माझ्या नेलपॉलिशनं ओढल्या. चालतं तेही. उलट जास्त ठसठशीत दिसतं.

आता आमच्या घरची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजेला मांडायची. विळा, कुऱ्हाड, आणि विमान आल्यापासून माझे पाने आणि कोनमापकसुद्धा. शेडमध्येच एका कोपऱ्यात पाट, त्यावर लाल कापड, त्यावर हे सगळं ओळीनं. हळद-कुंकू, झेंडू, नैवेद्य. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. अवजाराला विश्रांती असते, आणि ती मोडली तर वर्षभर ते अवजार उलटतं, असं आई मानते. मी मानते की नाही ते सोडा. मला काही अडचण नव्हती. काम झालेलं होतं, पान्यांची गरजच नव्हती.

दसऱ्याला पहाटे उठून आम्ही शेतावर पोचलो. वहिनी माझ्याही आधी, आदल्या दिवशीपासून तिथंच मुक्कामाला होती. विमान शेडच्या बाहेर काढून ठेवलेलं. शेजारच्या वस्तीवरच्या मेंढपाळानं धावपट्टीवरची मेंढरं हाकलून दिली होती. वारा अजिबात नव्हता. ऑक्टोबरात सकाळी दोन-तीन तास असे मिळतात, मग ऊन चढलं की वारा सुटतो, आणि नवशिक्यानं तेव्हा जायचं नसतं. विमान लखलखत होतं. वहिनीनं आदल्या दिवशी ते एकटीनं धुऊन काढलं होतं. पंख्याला झेंडूची माळ, पात्यांवर हळद-कुंकवाची बोटं. मी माळ जरा बाजूला सारली आणि रेघा बघायला वाकले.

रेघा नव्हत्या. एकाही बोल्टवर नव्हती. बोल्ट कसे चकचकीत, पितळी समई घासल्यासारखे.

"वहिनी, इथं लाल रेघा होत्या ना?"

"व्हय की," वहिनी कौतुकानं म्हणाली. "मागच्या दसऱ्याचं कुंकू. लई हट्टी बसलं होतं बाई. साबणानं निघंना, रॉकेलनं निघंना. मग नेलपॉलिश काढायचं औषध घेतलं, तेव्हा कुठं निघालं. जुनं कुंकू ठेवून नवं लावू नाय."

तिचं काय चुकलं? मी तेव्हाही हेच म्हणाले आणि आजही म्हणते. कुंकवाच्या देशात लाल रेघ बघितल्यावर बाई दुसरं काय समजणार? तिनं मायेनंच केलं होतं. माझ्या उड्डाणाचा दिवस म्हणून जास्तच घासलं होतं.

मी विचारलं, "पुसताना बोल्ट फिरवला होता का एखादा?" ती म्हणाली, "नाय गं." मग म्हणाली, "फिरला असंल तर मला काय कळतंय?" मग मी विचारलं, विमान बाहेर कसं काढलं. वस्तीवरच्या चार जणांनी ढकललं होतं. कुठं धरून? पंख्याला धरून. धरायला दुसरं होतंच काय.

मी तिथंच उभी राहिले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, अगदी नको इतकं. गप्प बसले तर पंधरा मिनिटांत मी वर असेन. बहुतेक काही झालेलंही नसेल. हातानं पुसून एवढा आवळलेला बोल्ट फिरत नाही, हे माझ्याइतकं त्या शेतावर कोणाला माहीत होतं? पण 'बहुतेक' ह्या शब्दावर मी पंचवीस वर्षांत एक भाग पास केलेला नाही. आणि तपासायचं तर कोनमापक आणि टॉर्क पाना पाहिजे. ते दोन्ही पाटावर, झेंडूखाली.

दादाला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "पाना लावलाय का कोणी? नाय ना? मग?"

"रेघा नाहीत, दादा. काही हललं असेल तर कळायला मार्ग नाही."

"अगं पुसलंय नुसतं. तुझ्या वहिनीच्या हातानं बोल्ट ढिला होतोय व्हय?"

"होत नाही. पण बघावं लागेल. पाऊण तास दे मला."

"कशानं बघणार?" त्यानं पाटाकडं पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. आवाज खाली गेला. "आईसमोर? आज? वेडी झालीस का? सगळे पाहुणे आलेत."

मी म्हणाले, तूच उडणार असतास तर तुला असंच जाऊ दिलं नसतं. तो म्हणाला, मी असाच गेलो असतो. आणि खरंच गेला असता, एवढाच तर आमच्यात फरक आहे. मी पाटाशी गेले, चप्पल काढली, नमस्कार केला, झेंडू बाजूला केला आणि कोनमापक आणि पाना उचलला. आई म्हणाली, "ठेव ते खाली." मी म्हणाले, "आई, दहा मिनिटं." आई पुन्हा म्हणाली, "तुला कळतंय का काय करतीयस? तुझ्या जिवावर उठलीयस तू स्वतःच." तिथंच वहिनीचा बांध फुटला. "माझ्यामुळं झालं, मी कशाला हात लावला," असं म्हणत ती डोळ्याला पदर लावून रडायला लागली. दोन मावश्या तिला धरून बसल्या आणि माझ्याकडं असं बघत होत्या की मी वहिनीला मारलंय.

दहा मिनिटं कसली! पाऊण तास गेला. प्रत्येक पातं मी दोनदा मोजलं. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसरं बरोबर. मग टॉर्क पाना एकेका बोल्टला लावला. कट. कट. कट. एकही बोल्ट केसभर हललेला नव्हता. मी ज्या कोनावर ठेवलं होतं त्याच कोनावर सगळं होतं. पर्समधनं नेलपॉलिश काढून नव्या रेघा ओढल्या, आणि मागं वळले तर सगळे माझ्याकडंच बघत होते.

दादानं विचारलं, "निघालं काही?"

"नाय," मी म्हणाले.

काहीतरी निघायला हवं होतं. हे मी देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, एक तरी बोल्ट ढिला निघायला हवा होता. मग सगळे माझ्या पाया पडले असते. मी बरोबर वागले आणि बरोबर वागल्याचा काही पुरावा नव्हता. निघालं नाही म्हणजे मी विनाकारण देवाचं मोडलं, वहिनीला रडवलं, पाहुण्यांसमोर घराची शोभा केली. आईनं तेवढ्यात निकाल देऊनही टाकला, "आज ही नाय उडायची. आजच्या दिवशी हिनं पूजा मोडलीय, हिला मी एकटीला वर जाऊ देणार नाय." मी दादाकडं पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तर पुरे होता. आई त्याचं ऐकते. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी बघू ना गं. एवढं काय त्यात?"

आणि मग, आता सीमोल्लंघन तर व्हायलाच पाहिजे, अपशकुन तर उतरायलाच पाहिजे, आणि वहिनीचं रडं काही थांबत नाही, म्हणून दादानं वहिनीला मागच्या सीटवर बसवलं. तिला हसू येईना आणि नाही म्हणता येईना. मी तिचा पट्टा आवळला, कारण तो आवळायलाही मीच. तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ताई, राग मानू नका हो." मी म्हणाले, "नाही मानत." आणि विमान गेलं. दोन माणसं असूनही धावपट्टी अर्धी संपायच्या आत त्यानं जमीन सोडली. कडुलिंबाच्या कितीतरी वरून गेलं. असं सुरेख उचलताना मी ते कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी लावलेला कोन होता तो. मी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मागं उभी राहून मनातल्या मनात एक अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येणार नाही. कोणाला दिली, तेही धड सांगता येणार नाही.

पुढचा रविवार आला तेव्हा दादाला लग्नाला जायचं होतं. मग दिवाळी. दिवाळीनंतर फोटोवाल्यांचं काम निघालं, मग संक्रांत, मग वारा, मग ऊन. दर वेळी खरंच कारण असायचं, दादा खोटं बोलत नाही. मीच मागं लागले नाही, कारण एकदा मागं लागले तेव्हा तो म्हणाला, "तुझं ते बोल्ट-बिल्ट मनासारखं असलं म्हणजे जाऊ," आणि हसला. थट्टेनं म्हणाला असेल. पण मला ते असं झोंबलं की मी पुन्हा विषय काढला नाही. उन्हाळ्यात माझ्या वैद्यकीय तपासणीची मुदत संपली. नव्यानं गेले तर डॉक्टर डोळ्यांत बराच वेळ बघत राहिले. काचबिंदू. उजव्या बाजूचं कडेचं दिसणं कमी व्हायला लागलंय, म्हणाले. औषधानं आहे तेवढं टिकेल, घाबरू नका, रोजच्या कामात काही अडचण येणार नाही. मी विचारलं, विमान? डॉक्टरांना आधी ते गमतीत विचारलंय असं वाटलं. मग माझा चेहरा बघून त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

म्हणजे माझा दिवस तो एकच होता.

घरी सांगितलं तर आई रडली. वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, ती अजून स्वतःलाच दोष देते. दादानं डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. काहीजण म्हणाले, बघा, पूजा मोडली त्याचं फळ. हे ऐकून मात्र माझं डोकं असं फिरलं की मी त्यांना घराबाहेर काढलं, अक्षरशः. आणि रात्री पडल्या पडल्या मी स्वतःला विचारलं, पुन्हा तसंच झालं, पुन्हा रेघा पुसलेल्या दिसल्या, तर गप्प बसशील का? नाही बसणार. ह्याचाच जास्त राग येतो.

यंदाच्या दसऱ्यालाही मी शेतावर गेले. नवमीच्या आधी कोन लावून घेतला, रेघा ओढल्या. वहिनीनं विमान धुतलं, पण पंख्याला तिनं बोटही लावलं नाही, लांबूनच कुंकू शिंपडलं. सकाळी वारा पडलेला होता. दादा माझ्याजवळ आला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "चल, आज तू बस मागं. मस्त फिरवून आणतो तुला. नदीवरून नेतो."

त्याला खरंच वाटत होतं की तो मला काहीतरी देतोय. मी म्हणाले, "दादा, मला फिरायचं नव्हतं रे."

मग त्यानं विचारलं, "पाती झाली?"

"झाली," मी म्हणाले.

तो पुढं जाऊन सीटवर बसला, इंजिन चालू केलं आणि निघून गेला. पंख्याजवळून जाताना त्यानं रेघांकडं मान वळवूनही पाहिलं नाही. कधीच पाहत नाही तो. जिवाचा प्रश्न असला तरी माझ्यावर एवढा विश्वास आहे त्याचा.